अण्णांच्या खताचा वास

"तुझ्या अण्णांच्या घराकडनं काहीतरी मेल्यासारखा वास येतोय गं," शेजारच्या हौसाकाकू फोनवर म्हणाल्या. "दार वाजवलं, हाका मारल्या, आतनं चाहूल नाही. तू ये बाई लगेच."

मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. शनिवारची सकाळची शाळा, दुसरा तास नुकताच सुटला होता. हातात सहावीच्या वह्यांचा गठ्ठा होता. तो मी कुठे ठेवला ते आजही आठवत नाही.

"काकू, अण्णांना शेवटचं कधी बघितलं तुम्ही?"

"परवा, गुरुवारी. दुधाच्या गाडीपाशी."

अण्णांना फोन लावला. पूर्ण वाजला आणि थांबला. चार वेळा लावला, चारही वेळा तसंच. मुख्याध्यापिकांना काय सांगितलं कुणास ठाऊक, पण त्यांनीच मला रिक्षात बसवून स्टँडवर धाडलं.

कोल्हापूर ते जयसिंगपूर, एसटीनं तासाभराचा रस्ता. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. भाऊ, अभय, बंगळुरात. अण्णा जयसिंगपुरातल्या घरी एकटे. दर रविवारी मी फोन करायची, ते "बरं आहे" म्हणायचे आणि ठेवायचे. पूर्वी ते असे नव्हते. पण बायको गेल्यावर माणूस असाच होतो, असं मी स्वतःला सांगत आले होते. मार्च महिना, खिडकीतून गरम वारा येत होता. मी विज्ञान शिकवते. उन्हाळ्यात कितव्या दिवशी वास रस्त्यापर्यंत येतो हे मला ठाऊक होतं. नको म्हटलं तरी डोकं हिशेब करत होतं: गुरुवारी दुपारी काही झालं असेल तर शनिवारी सकाळी... हातकणंगल्यापाशी गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" माझे दात वाजत होते.

गल्लीच्या तोंडाशीच वास आला. नासलेली अंडी, आंबलेलं दूध, तुंबलेलं गटार, सगळं एकत्र. हौसाकाकू नाकाला पदर लावून फाटकापाशी उभ्या होत्या. मी दार बडवलं. मग बोळातून घराच्या मागे धावले. बोळ जेमतेम एका माणसाच्या रुंदीचा, आणि तिथे वास इतका दाट होता की मी तोंडानं श्वास घेत होते.

परसात शेवग्याखाली खुर्ची टाकून अण्णा बसले होते.

"आलीस होय?" ते म्हणाले. "शाळा नाही आज?"

मी भिंतीला टेकून खालीच बसले. रडायला आलं, आणि रागही. "फोन का उचलत नाही तुम्ही?"

"फोन आत असेल."

"काकूंनी दार वाजवलं ते ऐकू आलं नाही?"

"वाजवलं होतं कुणीतरी." त्यांनी शेवग्याकडे बघितलं. "उठावंसं वाटलं नाही."

दाढी चार-पाच दिवसांची वाढलेली. सदऱ्यावर आमटीचा डाग. तीस वर्षं रोज पहाटे साडेचारला पांढऱ्या स्वच्छ सदऱ्यात कामावर जाणारा हा माणूस. पण त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की ते जिवंत आहेत.

वास कोपऱ्यातल्या कंपोस्टच्या बिनमधून येत होता. अभयनं ती तीन वर्षांपूर्वी पाठवली होती. कमरेएवढी उंच, थर्माससारख्या जाड भिंतीची, झाकणात तापमापक, खाली पाणी काढायला तोटी. आत ऊब कोंडून राहते आणि महिन्या-दीड महिन्यात खत होतं. आई असताना अण्णांनी तिच्यात काटा साठ अंशांवर नेऊन दाखवला होता आणि गल्लीभर सांगत फिरले होते. आता काटा चौतीसवर होता. बाहेरचं ऊनही त्याहून गरम असेल.

मी झाकण उघडलं आणि तीन पावलं मागे सरले. आत काळा, चकाकणारा चिखल होता. भात, भाज्यांचे देठ, केळीच्या साली, सगळं एकमेकांत दाबून बसलेलं. मध्ये पांढऱ्या गाठी तरंगत होत्या. निरखून बघितल्यावर कळलं, नासलेलं दूध. एकदा-दोनदा नव्हे, पुष्कळ वेळा ओतलेलं.

"अण्णा, यात कोरडं काहीच घातलं नाही तुम्ही?"

"राहिलं असेल."

हौसाकाकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, "अळ्या झाल्यात का? उकळतं पाणी ओत, सगळ्या मरतील."

"नको," अण्णा एकदम म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जागा झाला. "जीव हाय त्यांच्यात. आणि काकू, ओल्यावर आणि पाणी ओतून काय होणार? त्याला हवा पायजे. आतल्याला श्वास मिळाला नाही की ते असं सडतंय. खाली काढा सगळं, कोरडं मिसळा, परत भरा. वास मग आपोआप जातो."

ते बोलू लागले म्हणून मला इतकं बरं वाटलं की मी साडीचा पदर खोचला. ताडपत्री अंथरली, फावडं घेतलं. अण्णा खुर्चीवरून सांगत होते आणि मी करत होते. तोटी चिखलानं बुजली होती. तारेनं कोचल्यावर काळं पाणी भळाभळा बादलीत आलं. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्यानं वाळलेल्या चिपाडांचं पोतं दिलं. सुताराकडून रंध्याचा भुसा आणला, हौसाकाकूंनी पुठ्ठ्याची खोकी भिंतीवरून टाकली. अण्णांनी मांडीवर घेऊन ती फाडली, हळूहळू, एकसारखे तुकडे.

"तळाला आधी तुराट्या घाल," ते म्हणाले. "आडव्यातिडव्या. खालनं हवा खेळली पायजे."

तळाला तुराट्या, वर मिसळलेला थर. दीड वाजेपर्यंत माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. वास नाकातून डोक्यात गेला होता. दोनदा कुंपणाशी जाऊन मला उलटी झाली. अण्णा खुर्चीवर, त्या ढिगापासून दोन हातांवर, शांत बसले होते.

"मूठ आवळून बघ," ते म्हणाले. "पाणी गळलं तर अजून ओलं."

मी मूठभर उचलून आवळलं आणि त्यांना दाखवायला पुढे केलं. ते वाकले. चेहरा माझ्या हाताच्या अगदी जवळ आणला, बारकाईनं बघितलं. एक श्वास घेतला, सोडला. कपाळावर आठी नाही, नाक हललं नाही.

"अजून थोडा भुसा," ते म्हणाले.

माझा हात तसाच राहिला.

अण्णा दूध संघाच्या डॉकवर, दूध उतरवून घ्यायच्या फलाटावर, होते. गावोगावचे दुधाचे कॅन यायचे. अण्णा झाकण उचलायचे, हुंगायचे, आणि "जाऊ दे" किंवा "बाजूला" म्हणायचे. बस्स, एवढंच काम. मिनिटाला सात-आठ कॅन. गायीनं कांद्याची पात खाल्ली असेल तर त्यांना कळायचं. कॅन काल नीट धुतला नव्हता हे कळायचं. शेतकरी त्यांना वचकून असायचे. लहानपणी मी शाळेतून येताना कुठे भेळ खाल्ली ते ते दारातच सांगायचे.

"अण्णा, तुम्हाला वास नाही येत?"

"खताला वास असणारच की."

"तसं नव्हे. हा वास. मला उलटी झाली दोनदा."

"तू शहरात राहतीस." ते उठले. "अंघोळ कर. जेवू."

स्वयंपाकघरात मी फ्रिज उघडला. आमटीच्या पातेल्यात फेस होता. झाकण काढताच आंबट भपका आला. शेजारी वाटीत तीच आमटी, अर्धी खाल्लेली, कालची किंवा सकाळची. मी पातेलं हातात घेऊन उभी राहिले. एसटीत दात वाजत होते तेव्हा मला निदान कशाची भीती वाटतेय हे ठाऊक होतं.

वेलदोडा सोलून त्यांच्यापुढे धरला. "बघा जरा, कसला आहे?"

त्यांनी तो घेतला नाही. माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. "परीक्षा घेतीस होय बापाची?"

"अण्णा..."

"वय झालं. साठी झाली की नाक-कान मंद होतात. अभयला सांगू नकोस हे. तो लगेच बंगळूरला नेईल. मला इथनं जायचं नाही."

"डॉक्टरला दाखवू या."

"बघू सोमवारी."

मी बरं म्हटलं. आजही ते "बरं" मला टोचतं. तेव्हाच्या तेव्हा काहीतरी करायला हवं होतं. पण मी दमले होते, घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस सोमवारवर विश्वास ठेवतो. संध्याकाळी बिन भरून झाली. अण्णांच्या सांगण्यावरून गरम पाण्याची बाटली मधोमध पुरली, लवकर ऊब धरावी म्हणून. झाकण लावताना वास निम्म्यानं कमी झाला होता. मी त्यांच्याजवळच्या खोलीत झोपले.

सकाळी मला जाग आली ती डोकं ठणकत होतं म्हणून. ऊन खिडकीत आलेलं. क्षणभर वाटलं, खताचाच वास. मग कळलं, हा वेगळा आहे. मी उठून अनवाणी धावले.

अण्णा ओट्यापाशी होते. दुधाचं पातेलं उतू गेलेलं, ओट्यावरून दूध खाली ठिबकत होतं. शेगडीची कळ पूर्ण उघडी, ज्योत नाही. सगळं स्वयंपाकघर गॅसनं भरलेलं. आणि अण्णांच्या उजव्या हातात लायटर होता, शेगडीच्या तोंडाशी धरलेला, अंगठा खटक्यावर.

"अण्णा, नको!"

माझा आवाज इतका मोठा निघाला की ते दचकले. दचकून अंगठा दाबला जाईल असं वाटलं, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांबलेला क्षण आहे. त्यांनी मान वळवली.

"काय झालं? दूध उतू गेलं, ज्योत विझली. पेटवतो."

मी जाऊन त्यांचा हात धरला. दोन्ही हातांनी, मनगटाशी. लायटर काढून घेतला. कळ बंद केली, खाली वाकून रेग्युलेटर बंद केला, खिडकी ढकलली, मागचं दार सताड उघडलं. त्यांना दंडाला धरून परसात ओढत आणलं. ते ओरडत होते, "अगं, काय करतीस? पडशील!"

भिंतीपलीकडून हौसाकाकूंचा आवाज आला. "त्रिशला! गॅसचा वास येतोय काय गं?"

अण्णा थबकले. त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तिला तिथनं येतोय?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"तुला पण येतोय?"

"हो, अण्णा."

ते उघड्या दाराकडे वळले. आणि मी बघत होते तेव्हा त्यांनी खोल श्वास घेतला, छाती भरून, डॉकवर झाकण उचलून घ्यायचे तसा. पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा घेताना त्यांचा चेहरा पडत गेला. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"मला येत नाही," ते म्हणाले. "काहीच येत नाही गं, पोरी."

मी सोमवारची वाट बघितली नाही. तिथेच परसात उभी राहून अभयला फोन केला. अण्णांनी ऐकलं, अडवलं नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी अण्णांना डोळे मिटायला लावून नाकाशी लवंग धरली, मग कॉफी, मग साबण. प्रत्येक वेळी अण्णा म्हणाले, "काही नाही." डॉक्टरांनी विचारलं, "हल्ली कशात मन लागतं का? उठावं, अंघोळ करावी, कुणाशी बोलावं?" अण्णा खिडकीकडे बघू लागले. मी सांगितलं, आई गेल्यापासून असंच आहे. डॉक्टर म्हणाले, "सगळं दुःखामुळेच असेल असं नाही," आणि तपासणी लिहून दिली.

तपासण्यांच्या त्या दोन दिवसांबद्दल मला फार सांगता येत नाही. मी बाकावर बसून होते आणि समोरच्या भिंतीवरचं पोलिओचं पोस्टर वाचत होते, एवढंच आठवतं. अभय रातोरात आला होता, तो शेजारी होता. डॉक्टरांनी दोघांना आत घेतलं. नाकाच्या मुळाशी, मेंदूच्या खालच्या अंगाला गाठ होती. मोठ्या लिंबाएवढी. "बहुधा कॅन्सरची नाही," डॉक्टर म्हणाले. "हळूहळू वाढली आहे. आधी वास गेला, मग उत्साह. आता डोळ्यांच्या नसेला टेकते आहे. अजून थोडे महिने गेले असते तर दृष्टी जायला लागली असती." मग अण्णांना आत बोलावून त्यांनी विचारलं, "वास येत नाही हे केव्हापासून ध्यानात आलं?"

"दोन वर्षं," अण्णा म्हणाले.

मी आणि अभयनं एकमेकांकडे बघितलं. दोन वर्षं. आई गेली तेव्हापासून. आणि आम्हाला काहीच माहीत नव्हतं.

"सांगितलं का नाही?" अभयनं कॉरिडॉरमध्ये विचारलं.

"नाक गेलंय असं मला वाटलंच नव्हतं," अण्णा म्हणाले, आणि पुढे चालू लागले.

ऑपरेशन सात तास चाललं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी त्यांचे ओठ हलताना बघत होते आणि शब्द ऐकू येत नव्हते. अभय "निघाली गाठ" म्हणत मला मिठी मारून रडायला लागला, तेव्हा कळलं की बरं झालंय. वास परत येईलच असं नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. बाकीचं परत आलं. आठव्या दिवशी अण्णांनी न्हाव्याला बोलवायला सांगितलं. दहाव्या दिवशी नर्सला म्हणाले, तुमच्या चहाला आलं कमी पडतंय. नर्स हसली. "चव कळतेय की आजोबा!" ते म्हणाले, "चव नव्हे, तिखटपणा कळतोय फक्त."

ते दवाखान्यात होते तोवर दर तिसऱ्या दिवशी मी जयसिंगपूरला जाऊन बिन खालीवर करत होते. पाचव्या दिवशी काटा अठ्ठेचाळीसवर होता, अकराव्या दिवशी एकसष्ट. अण्णांना सांगितलं की ते आकडा दोनदा वदवून घ्यायचे.

घरी येऊन दीड महिना झाला असेल. एका रविवारी सकाळी त्यांचाच फोन आला. "जमलं तर ये आज."

"काय झालं?"

"काही नाही. ये."

परत तीच एसटी, तीच धडधड. पण दारात ते स्वतः उभे होते, दाढी केलेली, डोक्यावर टोपी, टाक्यांची खूण झाकायला. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, पलंगावर बसवलं आणि कपाटाच्या खालच्या खणातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. तोंडाला दोरीच्या दोन गाठी मारलेल्या.

"आई गेली त्या दिवशी सकाळी तिनं हे पातळ बदललं होतं," ते म्हणाले. "धुवायला टाकलेलं. मी धुऊ दिलं नाही. तेराव्या दिवशी सगळे गेल्यावर काढून हुंगलं. काही नाही. परत हुंगलं. चाळीस वर्षं एका घरात राहिलो, आणि काहीच नाही. मला वाटलं, ती गेली तसा तिचा वासही गेला. जातच असेल. असल्या गोष्टी कुणाला विचारायच्या? मग पिशवीत बांधून ठेवलं. त्यानंतर कशाचाच वास आला नाही, तर मी म्हटलं, ठीक आहे, आता कशाला पायजे."

त्यांनी पिशवीवरून हात फिरवला.

"दवाखान्यातनं आल्यावर रोज काढून बघतोय. मला नाही येत. येणार नाही, ते समजलं. पण पातळाला हाय की नाही, हे तू सांग." त्यांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "खरं सांगायचं. माझ्यासाठी म्हणून काही सांगायचं नाही."

मी दोरीच्या गाठी सोडल्या. गॅस भरलेल्या स्वयंपाकघरात शिरताना मला जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी तेव्हा वाटली. दोन वर्षं होऊन गेली होती, आणि आता दीड महिना ते रोज उघडून बघत होते. त्यात काही नसलं तर? अण्णा पलंगाच्या कडेला, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मी ते निळं इरकली पातळ बाहेर काढलं, घडी उलगडली आणि चेहरा त्यात घातला.

आधी प्लॅस्टिक. मग डांबरगोळी. मी श्वास सोडला आणि पदराकडची बाजू शोधली, जिथे ती हात पुसायची. परत श्वास घेतला.

"येतोय," मी म्हटलं.

"कसला?"

"हिंगाचा. फोडणीचा. खोबरेल, थोडंसं."

"आणि?"

"आणि..." मी परत हुंगलं. "घामाचा, अण्णा. थोडा घामाचा येतोय."

ते हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी हात पुढे करून पातळाचं एक टोक धरलं.

"घामाचा येतोय ना," ते म्हणाले. "मग तिचाच."